वैनगंगेचे डोह

वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें गांव वैनगंगेच्या कांठीं वसलेलें आहे. उन्हाळ्यांत नदीचें रुंद पात्र उघडें पडतें, वाळू तापते आणि पाण्याची धार क्षीण होते. तरीहि पात्रांत कांहीं ठिकाणीं खोल पाणी शिल्लक असतें. अशा ठिकाणाला मराठींत डोह म्हणतात. या नदीच्या व तिच्या उपनद्यांच्या डोहांचा इतिहास पाहिला, म्हणजे माणूस, अरण्य व राज्यसत्ता यांच्या परस्परसंबंधांचाच इतिहास आपल्यापुढें उभा राहतो.

डोह कसा बनतो? पुराचें पाणी खडकावर किंवा वळणाच्या बाहेरच्या कांठावर आदळतें व भोवरा निर्माण होतो. त्यांत सांपडलेले गोटे जात्याच्या तळीसारखे गरगर फिरून तळ कोरतात. पूर ओसरतो, खळगा मात्र भरलेला राहतो. नदी आटली कीं मासे त्याच्या आश्रयास येतात आणि पहिल्या पुराबरोबर पुन्हां चहूंकडे पसरतात. शेतकऱ्याच्या घरीं जशी बियाण्याची कणगी, तसा नदीच्या घरीं डोह.

या पाण्यावर ढीवर, भोई इत्यादि जातींचा निर्वाह पिढ्यान् पिढ्या चालत आला. वडशाच्या खालच्या अंगास, मार्कंडा येथें, वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तेथील प्राचीन शिवमंदिरांचें वर्णन कनिंगहॅम या पुरातत्त्वज्ञानें एकोणिसाव्या शतकांतच करून ठेविलें आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेंत हजारों लोक तेथें स्नान करितात. सारांश, नदीचें पाणी हें उपजीविकेचें, क्रीडेचें व धर्माचें असें तिहेरी साधन होतें.

या नदीची कीर्ति साता समुद्रांपलीकडेहि गेली. किप्लिंग या इंग्रज ग्रंथकारानें इ. स. १८९५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या दुसऱ्या ‘जंगल बुका’ंत वैनगंगेलाच रंगभूमि केलें आहे. पाणी आटल्यावर वाघ व हरीण वैर विसरून एकाच पाण्यावर येतात, ही कल्पना त्यांतलीच. आणि रानकुत्र्यांना झुलवीत मोगली कड्यावरून उडी घेतो, तीहि याच नदींत.

कथेंतील हा तह प्रत्यक्षांत मात्र कायद्यानें घडवावा लागला. इ. स. १८७८ च्या व पुढें इ. स. १९२७ च्या वनकायद्यानें राखीव जंगलांत नियमांविरुद्ध मासे धरणें व पाण्यांत विष कालविणें हे अपराध ठरले. विषाची बंदी हिताचीच होती. कारण त्यायोगें एका दिवसाच्या शिकारीसाठीं साऱ्या डोहाचा नाश होत असे. परंतु जो डोह काल गांवाचा होता, तो आज सरकारचा झाला, हेंहि तितकेंच खरें. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभयारण्यांत व राष्ट्रीय उद्यानांत प्रवेशासाठींच परवानगी आवश्यक केली, आणि डोहाचा पहिला मान वन्य पशूंकडे गेला.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण पेंच नदीचें. ही नदी कन्हानला मिळते व कन्हान वैनगंगेला. म्हणून पेंचचें उरलेंसुरलें पाणी वडशावरूनच पुढें जातें. तिच्या महाराष्ट्रांतील कांठच्या अरण्यास इ. स. १९७५ मध्यें राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पूर्वीं एप्रिलअखेर नदी सुकल्यावर ठिकठिकाणचे डोह हेंच तेथील जनावरांचें पाणवठ्याचें स्थान असे. पुढें धरण झालें, नागपूरच्या घराघरांत पेंचचें पाणी आलें. पण मोठ्या जलाशयाखालीं जुने डोह बुडाले. तोतलाडोह या धरणाच्या नांवांत मात्र डोह हा शब्द शिल्लक आहे! उद्यानांतून उठविलेल्या कुटुंबांनीं या जलाशयांत मासे धरावे किंवा नाहीं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इ. स. १९९७ मध्यें न्यायालयानें मध्यप्रदेशाकडील ३०५ कुटुंबांचा परवाना मान्य केला, परंतु छायाचित्रासह ओळखपत्र बाळगावें, कांठावर विस्तव पेटवूं नये, अशा अटी घातल्या. पोट आणि वन, दोघांचेंहि म्हणणें न्यायासनापुढें खरें ठरलें.

इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्यानें या प्रश्नाला नवें वळण दिलें. जलाशयांतील मासळी व इतर उत्पन्न यांवर गांवसमाजाचा हक्क त्यानें मान्य केला. इ. स. २००९ मध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवाला सामूहिक वनहक्क मिळाला. राखण करणारा तोच हक्कदार, हें तत्त्व त्यामुळें पुढें आलें.

आज संरक्षित अरण्यांत जाणारा प्रवासी पाणवठा दुरूनच पाहतो. ताडोबाच्या तलावांत मगरी आहेत आणि व्याघ्रप्रकल्पांत वाहनांतून उतरण्यास मनाई आहे. वडशाच्या रानांतहि आज वाघांचा वावर आहे. ज्या पाण्यांत आजोबा पोहले, तें पाणी नातवानें कांठावरून पाहावें, यांत थोडें दुःख आहे खरें. पण भर उन्हाळ्यांत दुसरें पाणी नसलेल्या जनावराला तें सोडून देणें हा औदार्याचा भाग होय. मात्र हें औदार्य केवळ नदीकांठच्या गरिबाकडूनच मागतां येत नाहीं. नळाचें पाणी पिणाऱ्या शहरानेंहि आपला वांटा उचलला पाहिजे. कारण त्याच्या घागरींतील पाणीहि कोणाच्या तरी डोहांतूनच आलेलें असतें.