चालतंय, पण का चालतंय? ऑलिव्हर हेविसाइडची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना फुटलेले फाटे थोडे छाटलेत, बाकी तसंच ठेवलंय.

बीटेकला सिग्नल्स अँड सिस्टिम्सचा पेपर होता. त्यात एक साधं फंक्शन यायचं: आधी शून्य, मग एकदम एक. बटण दाबलं, दिवा लागला, एवढंच. नाव हेविसाइड स्टेप फंक्शन. दोन मार्कांची व्याख्या पाठ केली, पेपर दिला, विसरलो. हा हेविसाइड कुठल्या कॉलेजचा, हे मनातही आलं नाही. गंमत म्हणजे तो कुठल्याच कॉलेजचा नव्हता.

ऑलिव्हर हेविसाइड जन्मला १८५० मध्ये, लंडनच्या कॅम्डन टाउनमध्ये. वडील लाकडी ठसे कोरायचे, घरात ओढाताण. लहानपणी स्कार्लेट फीवर झाला आणि ऐकू कमी यायला लागलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मावशीचे यजमान म्हणजे टेलिग्राफवाले चार्ल्स व्हीटस्टन. पोरगाही टेलिग्राफमध्येच गेला, आधी डेन्मार्कला, मग न्यूकॅसलला ऑपरेटर. १८७४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली, आईवडिलांच्या घरी परतला आणि पुन्हा कधीच नोकरी धरली नाही. आपल्याकडे असा मुलगा घरी बसला तर त्याला काय काय ऐकून घ्यावं लागेल, ते मी सांगायला नको.

पण तो नुसता बसला नव्हता. मॅक्सवेलचा विद्युत आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ १८७३ मध्ये आला होता. तो हेविसाइडच्या हाती लागला तेव्हा त्याला शाळेतलं बीजगणित आणि त्रिकोणमिती येत होती, तीही बरीचशी विसरलेली. मग गणित शिकत शिकत ग्रंथ वाचणं सुरू झालं. त्यात काही वर्षं गेली. आणि समजल्यावर त्याने मॅक्सवेल स्वतःच्या भाषेत नव्याने लिहून काढला. मॅक्सवेलच्या १८६५ च्या निबंधात वीस समीकरणं होती. आपण आज पाठ्यपुस्तकात शिकतो ती चार, व्हेक्टरमधली, ही मांडणी मुख्यतः हेविसाइडची, १८८४-८५ ची. इम्पिडन्स, इंडक्टन्स, कंडक्टन्स हे शब्दही त्याचेच.

आता टेलिफोन. लांबच्या तारेतून आवाज जाताना नुसता बारीक होत नाही, तो बरबटतो. वारीतली दिंडी डोळ्यांपुढे आणा. एकत्र निघालेली माणसं आपापल्या चालीने चालली तर दोन कोसांनंतर दिंडी पार विस्कटलेली असते. आवाजातल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचं तेच होतं. १८८७ मध्ये हेविसाइडने गणिताने दाखवलं, की तारेचा इंडक्टन्स वाढवला तर सगळे एका चालीने जातील. L भागिले R बरोबर C भागिले G, ही त्याची अट.

ब्रिटिश पोस्ट ऑफिसातले बडे अधिकारी विल्यम प्रीस यांचं मत नेमकं उलटं: इंडक्टन्स हीच मुळी पीडा! ऑलिव्हरचा भाऊ आर्थर त्यांच्याच खात्यात होता. दोघा भावांचा निबंध प्रीसनी अडवला. त्याच वर्षी ‘द इलेक्ट्रिशियन’चे संपादक बदलले आणि तिथली ऑलिव्हरची लेखमालाही बंद पडली. पुढे अमेरिकेत तारेत ठरावीक अंतरावर कॉइल बसवून हीच कल्पना वापरली गेली. पेटंटचा पैसा मायकेल प्युपिनला मिळाला, हेविसाइडला छदामही नाही.

१८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आता तरी सगळं सुरळीत व्हावं ना? तर नाही. त्याची एक पद्धत होती: डेरिव्हेटिव्हला p म्हणायचं आणि साध्या बीजगणितातल्या अक्षरासारखं वागवायचं. गुणा, भागा, वर्गमूळ काढा, उत्तर बरोबर येतं. का येतं, याची गणितज्ञांना पटेल अशी सिद्धता त्याच्याकडे नव्हती. या विषयावरचा तिसरा निबंध सोसायटीने १८९४ मध्ये परत पाठवला. १९१६ मध्ये ब्रॉमविचने त्या पद्धतीला पक्का पाया दिला. आपण लाप्लास ट्रान्सफॉर्मचे तक्ते घोकतो, त्यांच्यामागे हा सगळा इतिहास आहे.

हे वाचताना मला आमच्या टीममधला एक मुलगा आठवत राहिला. डिप्लोमावाला, जुने लॅपटॉप उघडून उघडून शिकलेला. एका बगवर त्याने उपाय आणला. मी म्हटलं, “का चालतंय ते सांग आधी.” तो म्हणाला, “दादा, चालतंय ना पण!” मी फाईल बंद केली. दोन महिन्यांनी तोच उपाय आम्ही लावला, तेव्हा त्याचं नाव कुणाच्या ओठांवर नव्हतं. माझ्याही नाही.

‘का’ विचारणं चुकीचं नव्हतं. गणितज्ञांचंही नव्हतं. ब्रॉमविचनेही तेच विचारलं, पण उत्तर शोधायला तो स्वतः बसला. मी मात्र विषय संपवण्यासाठी विचारलं होतं. एकट्याने शिकलेल्या माणसाची वाट आपल्या सिलॅबसमधून जात नाही, म्हणून त्याच्या वहीतलं समजायला आपल्यालाच थोडी मेहनत घ्यावी लागते.

हेविसाइड १९२५ मध्ये टॉर्कीला वारला. त्या मुलाला मी काल फोन केला. तेवढं तरी करायलाच हवं होतं.

भेटू पुढच्या भागात.