कलम आणि हरताळ

जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग बी पेरून उभी करत नाहीत. जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात. त्याला आपण कलम म्हणतो, आणि लेखणीलाही कलमच. अरबीतला कलम म्हणजे छाटून टोक काढलेला बोरू. फारसीतून मराठीत येताना या शब्दाने दोन्ही अर्थ सोबत आणले.

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत कुणाला समजावून सांगायचा झाला, तर मी याच शब्दापासून सुरुवात करीन. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा तो आजार. नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये तो वेगळा ओळखला : रक्तस्राव आवरत नाही आणि रोगी झपाट्याने जातो. १९७७ मध्ये शिकागोत जॅनेट राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की या रोग्यांच्या पेशींत पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. पुढे १९९०-९१ मध्ये सांध्यावरची दोन जनुकं सापडली, पीएमएल आणि आरएआर-आल्फा. त्यांच्या अर्ध्या-अर्ध्या भागांचं मिळून एकच प्रथिन तयार होत होतं.

यातलं आरएआर मुळात भलं प्रथिन. जनुकाची प्रत उतरवण्यावर, म्हणजे प्रतिलेखनावर, ते राखण ठेवतं. जोडीदारासह डीएनएवर नेमक्या जागी बसून ते प्रत काढू देत नाही. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेलं रेटिनॉइक आम्ल येऊन चिकटलं, की ते अडवणाऱ्या साथीदारांना सोडतं आणि मदतनिसांना बोलावतं. मग प्रत निघते, कोवळी पेशी जाणती होते.

मोसंबीच्या कलमात खुंट जंबेरीचाच राहतो, फळ मोसंबीचंच येतं. इथे तसं होत नाही. पीएमएलचा स्वभाव घोळक्याने राहण्याचा, आणि तो आरएआरला लागतो. राखणदार टोळी करून बसतात, अडवणाऱ्या प्रथिनांना घट्ट धरून ठेवतात. शरीरातलं नेहमीचं आम्ल त्यांना हलवायला पुरत नाही. पेशीला मोठं करणाऱ्या जनुकांची अक्षरं जागच्या जागी असतात, पण ती कुणी वाचत नाही. मला या आजारातली सगळ्यात जीवघेणी गोष्ट हीच वाटते.

आम्ल पुरत नसेल तर जास्त द्यावं. शांघायच्या वांग झेन्यी यांनी १९८५ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला ते दिलं आणि ती बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रोग्यांची हकिकत छापली. तोवर जोडप्रथिनाचा पत्ताही लागला नव्हता.

दुसरं औषध मात्र आपल्या पोथ्यांच्या ओळखीचं. पूर्वी लेखनिकाचं अक्षर चुकलं की त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथला. दुकानं बंद ठेवण्याचा हरताळ निराळा, तो हाटाला लावलेल्या टाळ्याचा. पिवळा हरताळ हे आर्सेनिकचं खनिज. ते हवेत भाजलं की सोमल मिळतो, जालीम विष. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात सोमलाची इंजेक्शनं या आजारावर वापरली. सोमल जोडप्रथिनाच्या पीएमएल भागाला थेट चिकटतो, आणि मग पेशी ते प्रथिन स्वतःच मोडीत काढते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ७२ रोग्यांना मुख्यतः याच एका औषधावर ठेवलं होतं. २००६ मध्ये छापलेल्या नोंदीनुसार त्यांतल्या ८६ टक्क्यांचा आजार ओसरला. हे औषध मोजून, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिलं जातं. वैदूच्या पुडीतल्या सोमलाने माणूस मरतो.

२०१३ मध्ये छापून आलेल्या इटली-जर्मनीतल्या चाचणीत दोन्ही औषधं केमोथेरपीशिवाय एकत्र दिली. तपासता आलेल्या ७७ पैकी ७७ जणांचा आजार ओसरला. टोळी मोडते, प्रत पुन्हा निघू लागते. अडून बसलेली पेशी मोठी होते, थोडे दिवस जंतूंशी झुंजते आणि इतर पांढऱ्या पेशींसारखीच आपल्या वेळेला मरून जाते.