हापशाचे पाणी : एक अपुरा इतिहास

मराठवाड्यातील पाण्याचा इतिहास आपण बहुधा दुष्काळांच्या सनांनी मोजतो. पाणी होते की नव्हते, एवढेच त्यात विचारले जाते. होते ते कसे होते, हे क्वचितच. जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावांच्या संदर्भात आम्हांला हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

या मुलखाखाली काळा खडक आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मुरेल तेवढेच पाणी. पूर्वी ते आडातून शेंदले जाई, बारवेत उतरून भरले जाई. बारवेच्या पायऱ्यांवरून नारू घरोघर पोचे. शिवाय पाणवठ्यावर जातीचा पहारा असे. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तो याच पहाऱ्याविरुद्ध.

१९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे विंधनविहिरी वाढल्या. पण त्यांवरचे बिडाचे पंप एका कुटुंबापुरते घडवलेले. गावाचा भार त्यांना पेलेना. येथे जालन्याचे नाव येते. तेथील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने मजबूत पोलादी पंप तयार केला, तो ‘जालना पंप’. सोलापुरात त्याची सुधारणा झाली आणि सत्तरच्या दशकाअखेर युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा देशभर गेला. १९९६ मध्ये देशात नारूचा शेवटचा रुग्ण आढळला. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे मान्य केले. या यशात हापशाचा वाटा मोठा आहे.

मात्र या यशातूनच एक समजूत रुजली : जमिनीतले नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी. जंतूंपुरती ती बरीचशी खरी, रसायनांपुरती नव्हे. युरिया, उकिरडे, शोषखड्डे यांतून झिरपणाऱ्या नायट्रेटला रंग नाही, वास नाही. विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधाने तान्ही मुले निळी पडतात, हे अमेरिकेतील आयोवाच्या हंटर कॉमली या डॉक्टरने १९४५ मध्येच दाखवले होते. भारतीय मानकानुसार लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुने तीपलीकडे गेले. अतिबाधित जिल्ह्यांत जाफ्राबादला लागूनचा बुलढाणा आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइडने दात डागळतात, हाडे ताठरतात. पाणी उकळल्याने हे दोष जात नाहीत; उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते.

जुन्या समाजाने विटाळ माणसात शोधला. पाण्यातला खरा दोष त्याला दिसला नाही. आज ज्याच्या हाती पैसा, तो जार विकत घेतो, उरलेले हापशावर. जातीचा पहारा उठला तेथे ऐपतीचा बसू नये, असे वाटत असेल तर पाणी तपासणीचा अहवाल कपाटात न राहता ग्रामसभेत मोठ्याने वाचला गेला पाहिजे. त्यावाचून हा इतिहास अपुराच राहील, असे आम्हांला वाटते.