मोडीतील घडणावळ

जुना दागिना आपण 'मोडीत' देतो आणि जुनी मोटारही 'मोडीत' काढतो. दोहोंत धातूचे मोल राहते, घडणावळ तेवढी बुडते. ज्ञानेश्वरीतील 'भांगार' व कोकणीतील 'भांगर' यांचा अर्थ सोने. आपले 'भंगार' मात्र टाकाऊ लोखंड. (उच्चारसाम्यावरून या शब्दांचे कूळ एक ठरविण्याची घाई करू नये.)

१९५७ साली इटलीत कास्तिल्योनी बंधूंनी ट्रॅक्टरच्या बैठकीचे आसन योजिले. १९८१ साली लंडनमध्ये रॉन अरद यांनी भंगारातील रोव्हर मोटारीची बैठक लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर बसवून खुर्ची केली. मूळ भाग ओळखू येतो, हेच या आसनांचे मर्म होय.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील प्रवाशाला पुढे शहरात नेणारी टॅक्सी दीर्घकाळ बहुधा प्रीमियर पद्मिनीच असे. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात घडलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीव्यवसायातून निघाली. भट्टीत गेलेला तिचा पत्रा इतिहासाच्या अभ्यासकाला काहीही सांगणार नाही. बाक म्हणून उरलेली तिची मागची बैठक मात्र रुंदी, शिवण आणि झीज यांसह एक अस्सल साधन ठरेल.