दोन टिंबांची पळवाट: बिल्ड सर्व्हर आणि पाथ ट्रॅव्हर्सल

संगणकावरील फाईलच्या पत्त्यात लागोपाठ दोन टिंबे आली, की त्यांचा अर्थ ‘एक फोल्डर मागे जा’ असा होतो. ही सोय जुनी आणि उपयुक्त आहे. परंतु हा पत्ता बाहेरील व्यक्तीने पुरविला असेल आणि प्रोग्रामने तो न तपासता स्वीकारला, तर नेमून दिलेल्या फोल्डरची हद्द ओलांडून भलतीच फाईल वाचता येते, प्रसंगी तिच्यावर लिहिताही येते. या दोषाला पाथ ट्रॅव्हर्सल म्हणतात. सॉफ्टवेअरमधील उणिवांच्या ‘सीडब्ल्यूई’ या सूचीत त्याचा क्रमांक २२ असून २०२४ च्या सर्वाधिक धोकादायक २५ उणिवांमध्ये त्याला पाचवे स्थान मिळाले होते.

हा दोष कोणत्याही सर्व्हरवर आढळू शकतो. बिल्ड सर्व्हरवर मात्र त्याचे परिणाम फार दूरवर पोहोचतात. आजची संकेतस्थळे इतरांनी लिहिलेल्या शेकडो तयार पॅकेजेसवर उभी असतात. ‘एनपीएम’सारख्या सार्वजनिक भांडारातून अशी पॅकेजेस उचलणे, ती उलगडणे, ब्राउझरला चालतील अशा स्वरूपात आणणे आणि वितरणासाठी मांडून ठेवणे, हे काम बिल्ड सर्व्हर करतो. पॅकेज म्हणजे अनेक फाईलींचे एक गाठोडे. प्रत्येक फाईल कोठे ठेवायची, हे त्या गाठोड्यातच लिहिलेले असते आणि ते लिहिणारी व्यक्ती सहसा अनोळखी असते. ग्राहकाने सांगितलेल्या खोलीत हमालाने सामान ठेवावे, तसा सर्व्हर त्या पत्त्यावर फाईल ठेवतो. ती खोली ग्राहकाची आहे की मालकाची, हे त्याने पाहिले नाही, तर अनर्थ ओढवतो.

‘सीडीएनजेएस’च्या बाबतीत २०२१ मध्ये तो थोडक्यात टळला. २०११ मध्ये सुरू झालेली ही सेवा जावास्क्रिप्टची हजारो लायब्ररी पॅकेजेस मोफत पुरविते. तिच्यामागील यंत्रणा क्लाउडफ्लेअर ही कंपनी चालविते आणि त्या वेळी जगातील सुमारे १२ टक्के संकेतस्थळे या सेवेचा वापर करीत होती. नव्या आवृत्त्या एनपीएम आणि गिट भांडारांतून आपोआप गोळा केल्या जात. एका जपानी सुरक्षा संशोधकाने या स्वयंचलित प्रोग्रामचा खुला स्रोत वाचला. गाठोडे उलगडताना आतील फाईलींची नावे जशीच्या तशी लक्ष्य फोल्डरच्या पत्त्याला जोडली जात असल्याचे त्याच्या लक्षात आले. नावात दोन टिंबे पेरून पॅकेज प्रकाशित केले असते, तर सर्व्हरवर नियमित चालणारी एखादी स्क्रिप्ट बदलून तेथे मनाजोगत्या आज्ञा चालविणे शक्य झाले असते.

गिट भांडारांच्या बाबतीत दुसरी वाट होती. फाईलच्या जागी दुसऱ्या फाईलकडे बोट दाखविणारी खूण, म्हणजे सिम्बॉलिक लिंक, ठेवली की प्रोग्राम त्या खुणेमागे जाऊन मूळ फाईलच उचलून आणी. संशोधकाने हे करून पाहिले. त्यातून सर्व्हरवरील प्रक्रियेची गोपनीय चलमूल्ये उघड झाली आणि त्यांत सेवेच्या भांडारात लिहिण्याचा अधिकार देणारी किल्लीही होती. गिटहबच्या स्वयंचलित इशाऱ्यामुळे क्लाउडफ्लेअरने तातडीने किल्ल्या रद्द केल्या. दोष दुरुस्त झाल्यानंतर जुलै २०२१ मध्ये ही माहिती प्रसिद्ध करण्यात आली. दुरुपयोगाचा पुरावा आढळला नाही. किल्ल्या आणि परक्यांची गाठोडी एकाच प्रक्रियेत वावरत होती, हा या प्रकरणातील खरा धडकी भरविणारा भाग.

त्याच वर्षी एनपीएमच्या ‘टार’ आणि ‘आर्बोरिस्ट’ या पॅकेजेसमध्ये या जातीचे सात दोष गिटहबने जाहीर केले. २०२५ मध्ये ‘स्मिदरी’ या सेवेत असाच प्रकार उघडकीस आला. तेथे बिल्ड कोणत्या फोल्डरात करायचे, हे वापरकर्ता ठरवीत असे आणि तेथे दोन टिंबे लिहिली की सर्व्हरचेच फोल्डर हाती लागे. त्यातून मिळालेल्या किल्लीची पोहोच तीन हजारांहून अधिक सर्व्हरपर्यंत होती.

उपाय सोपा वाटतो, पण तो अर्धवट केला जातो. केवळ दोन टिंबे शोधून काढून टाकणे पुरत नाही. ती सांकेतिक रूपात येतात, विंडोजवर उलट्या तिरक्या रेघेसह येतात. संपूर्ण पत्ता आधी निश्चित करावा आणि मग तो हद्दीत आहे का, हे पाहावे. येथेही एक सापळा आहे. ‘काम’ या फोल्डरची हद्द तपासताना पत्त्याची सुरुवात ‘काम’ने होते एवढेच पाहिले, तर शेजारचे ‘कामगार’ हे फोल्डरही तपासणीतून सुटते! अखेरच्या तिरक्या रेघेसह तुलना करणे म्हणूनच आवश्यक ठरते. सिम्बॉलिक लिंक उलगडून पाहाव्या लागतात, त्या वेगळ्याच. प्रत्येक बिल्ड किल्ल्यांविना, बंदिस्त वातावरणात चालविला, तर एखादी चूक राहिली तरी हानी मर्यादित राहते.

पायथन भाषेतील गाठोडी उलगडणाऱ्या ‘टारफाईल’ या साधनातील हा दोष २००७ मध्येच नोंदविला गेला होता. अनोळखी गाठोडी उलगडू नयेत, अशी सूचना दस्तऐवजात देऊन त्या वेळी विषय मिटविण्यात आला. सुरक्षित वर्तन आपोआप लागू होण्यासाठी ऑक्टोबर २०२५ मधील ३.१४ ही आवृत्ती यावी लागली. इशारा वाचणाऱ्यांवर सुरक्षितता सोपविण्याची ही पद्धत किती महाग पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

संकेतस्थळ चालविणाऱ्यांच्या हाती ‘सबरिसोर्स इंटिग्रिटी’ हे साधन आहे. बाहेरून येणाऱ्या फाईलचा ठसा पानातच नोंदविला, की ती बदलल्यास ब्राउझर ती चालवीत नाही. मात्र फाईल बिघडल्यानंतर ठसा घेणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग होत नाही. भारतात अशा घुसखोरीची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या संस्थेला कळविणे आणि नोंदी १८० दिवस जतन करणे, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवादात्या कंपन्या, डेटा सेंटर आणि शासकीय संस्थांना बंधनकारक आहे.