वर्ष भरले म्हणून घर होत नाही

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत फीचे दोन दर असतात. राज्यातल्या मुलांना एक, बाहेरच्यांना अनेकदा त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणून तिकडच्या आपल्या मंडळींत एक सल्ला फिरत असतो : वर्षभर राज्यात राहा, भाडेकरार नि लायसन्स दाखवा, फी आपोआप उतरते. हे मत अगदीच निराधार नाही. बहुतेक राज्यांत बारा महिन्यांची अट आहेच. मिनेसोटातली ती अट १९७१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरली. पण बारा महिने ही पहिली पायरी आहे, आणि सल्ला देणारे तिलाच माडी समजतात.

फीची सवलत ठरते ती अधिवासावर, आणि अधिवासाला दोन गोष्टी लागतात : प्रत्यक्ष वास्तव्य आणि तिथेच स्थिरावण्याचा हेतू. निव्वळ शिकायला आलेल्याचे वर्ष कॅलेंडरवर भरते; अधिवासाच्या हिशेबात ते सहसा धरले जात नाही.

यावर आक्षेप असा, की हेतू मनात असतो; तो मोजणार कोण? त्यापेक्षा दिवस मोजणे सरळ. याचे उत्तर १९७३च्या ‘व्लँडिस विरुद्ध क्लाइन’ खटल्यात सापडते. कनेक्टिकटने असाच सरळ मार्ग काढला होता. अर्जाच्या वेळी पत्ता बाहेरचा असला, की शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी बाहेरचाच. मार्गारेट क्लाइन लग्न करून कॅलिफोर्नियाहून तिथे आलेली. लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदारयादीतले नाव, सगळे कनेक्टिकटचे. तरी फी परक्याची. न्यायालयाने नियम रद्द केला : रहिवासी असल्याचे सिद्ध करण्याची संधी तिला मिळायलाच हवी. मात्र खऱ्या रहिवाशांपुरती सवलत राखण्याचा राज्याचा अधिकारही मान्य केला. हेतू कृतीतून दिसतो : कर कुठे भरता, मतदान कुठे करता, सुट्टीत नोकरी कुठे धरता. पत्त्याचे यांत्रिक माप राज्याला वापरता आले नाही; मग दिवसांचे यांत्रिक माप विद्यार्थ्याला का वापरता यावे?

दुसरा आक्षेप समतेचा. नवा रहिवासी पहिल्या दिवसापासून समान का नसावा? १९९९च्या ‘साएन्झ विरुद्ध रो’ निकालाने कल्याणकारी मदतीबाबत नवागतांच्या बाजूनेच कौल दिला, पण शिक्षण वेगळे काढले. मदत तिथेच खर्च होते. पदवी मात्र पिशवीत घालून परराज्यात नेता येते.

आपल्याकडून एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्यांची अडचण तर उघडच आहे. मायदेशीचे घर सोडण्याचा इरादा नाही, ही त्या व्हिसाचीच अट. वकिलातीत ‘परत येणार’ आणि विद्यापीठात ‘इथेच राहणार’, ही दोन्ही विधाने एका तोंडून कशी निघतील? नोकरीच्या व्हिसावरल्या आईवडिलांसोबत एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर वाढलेल्या मुलांना अनेक राज्ये रहिवासी धरतात. पण एकवीस पूर्ण होताच तोच मुलगा एफ-१वर गेला, तर जे पुणे त्याने जेमतेम पाहिले, तिथे परतण्याची हमी त्याला द्यावी लागते. तिथे हेतूची कसोटी टोचते, हे मान्य. मात्र तो काटा व्हिसाच्या कायद्यात आहे, आणि काढायचा तर तिथूनच.