सिद्ध करायचं कोणी?

आपल्या दिव्यावरून जाणारी नेत्रावती एक्सप्रेस पुढे केरळात कासारगोडला थांबते. तिथल्या सरकारी काजूबागांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं जायचं. खाली विहिरी होत्या, वस्त्या होत्या, गरोदर बायका होत्या. पद्रे गावचे डॉक्टर मोहनकुमार यांना जन्मजात व्यंग असलेली मुलं एकाच भागात फार दिसू लागली. अहमदाबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या तपासणीने बोट एंडोसल्फानकडे दाखवलं. केंद्राच्या समितीने संबंध सिद्ध होत नाही म्हटलं. बंदी आली २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाकडून.

आता बघा, ‘संबंध सिद्ध नाही’ आणि ‘धोका नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. आपण पहिलं ऐकतो आणि दुसरं समजतो. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करणारे दगावले, ते मृत्यू मोजता आले. गर्भातलं नुकसान उशिरा दिसतं. बाळाचे अवयव घडू लागतात तेव्हा पुष्कळदा आईला दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. मग ‘गरोदरपणी जपा’ हा सल्ला उशिराचाच, नाही का? म्हणून औषध निर्धोक आहे हे विकणाऱ्याने आधी दाखवावं. तो भार आईवर टाकू नये.